थेंबच तर आहेत!

मागच्या शनिवारी लिहायला बसणार होतो, पण रिलीज होतं. आणि रिलीज असलं की आमचा शनिवार म्हणजे घरच्या चपला घालून काढलेला सोमवार. असो. आज जरा राग काढायचा आहे. थोडा जगावर, बराचसा स्वतःवर.

जुलै २०२३ आठवतोय? डोळ्यांची साथ आली होती तो. आळंदीत सुरुवात झाली, काही दिवसांत तिथेच हजारोंनी रुग्ण निघाले, मग पिंपरी-चिंचवड, पुणे, आणि बघता बघता अख्खा महाराष्ट्र. आमच्या ऑफिसात निम्मा फ्लोअर काळे गॉगल लावून बसलेला, जणू सगळे साऊथच्या पिक्चरमधले व्हिलन. (जाता जाता: गॉगलने साथ थांबत नाही. डोळे आलेल्या माणसाकडे नुसतं बघून काही होत नाही. ते पसरतं हातांनी, टॉवेलने, उशीने, आणि आपल्या धंद्यात सांगायचं तर शेअर केलेल्या कीबोर्ड-माऊसने. गॉगलचा उपयोग एवढाच की उजेड कमी टोचतो आणि सारखा हात डोळ्याला जात नाही.)

माझेही आले. सकाळी उठलो तर पापण्या चिकटलेल्या, डोळा टोमॅटोसारखा. बिल्डिंगखालच्या मेडिकलमध्ये गेलो. माझ्यापुढे चार जण होते, चौघांना तीच बाटली. माझी पाळी आल्यावर काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे एक नजर टाकली, "डोळे आलेत ना? हे घ्या, दोन दिवसांत चकाचक." ना प्रश्न, ना प्रिस्क्रिप्शन. मीही मागितलं नाही, त्यानेही नाही. व्यवहार वीस सेकंदांत पूर्ण.

आणि खरंच दोन दिवसांत चकाचक! लाली गेली, खाज गेली, तिसऱ्या दिवशी मी स्टँड-अपला हजर. मग काय, मी त्या बाटलीचा प्रचारकच झालो. टीममधल्या तिघांना नाव सांगितलं. गणपतीला गावी गेलो तेव्हा उरलेली बाटली घेऊन गेलो, मामींच्या फ्रिजच्या दारात अंड्यांच्या शेजारी ठेवली आणि वर सांगून आलो, "मामी, डोळ्याला काही झालं तर हे टाका. एकदम रामबाण आहे."

हे वाक्य मी बोललो होतो. ते खोडता आलं असतं तर बरं झालं असतं.

माझं गाव, म्हणजे मामाचं गाव, वाळवा तालुक्यात. उसाचा पट्टा. जानेवारी २०२४ मध्ये तोड चालू होती. मामा स्वतः फडात उतरतात, वय बासष्ट असलं तरी. उसाचं पान डोळ्याला लागलं. ज्यांनी उसात पाय ठेवलाय त्यांना ते पान म्हणजे काय हे सांगायला नको, पात्याला करवतीसारखी धार असते. मामांना वाटलं कुसळ गेलं असेल. दुसऱ्या दिवशी डोळा लाल, पाणी, टोचणी. मामींनी फ्रिज उघडला आणि पुण्याहून भाच्याने आणलेले थेंब काढले.

आणि मामांना बरं वाटलं. ही यातली सगळ्यात भयंकर गोष्ट आहे. दोन-तीन दिवस त्यांना खरंच बरं वाटलं. लाली उतरली, टोचणी कमी झाली, मामा परत फडात गेले. पाचव्या-सहाव्या दिवशी दुखायला लागलं ते असं की रात्रभर बसून काढली. मामींनी बॅटरी मारून बघितलं तर काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका. मग मिरज.

मिरजेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "यात आधी काय टाकलं?" मामींनी रुमालात बांधून आणलेली बाटली पुढे केली. डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि (मामींच्या शब्दांत) "कपाळावर हात मारला बघ त्यांनी." त्या बाटलीत दोन औषधं होती. एक अँटिबायोटिक आणि दुसरं डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. मामांच्या डोळ्यात होती बुरशी, पानावरून आलेली. जखमेचा नमुना खरवडून काढून मायक्रोस्कोपखाली बघितला तेव्हा तंतू दिसले. बुरशीला अँटिबायोटिक काही करत नाही, ते जिवाणूंचं औषध. आणि स्टेरॉइडने काय केलं? बुरशीशी लढायला शरीराने जी फौज पाठवली होती तिलाच घरी बसवलं.

आता मी इंजिनियर माणूस, मला ते असं समजतं. डोळा लाल होणं, सुजणं, दुखणं म्हणजे अलर्ट आहे. सर्व्हरवर काहीतरी जळतंय म्हणून पेजर वाजतोय. अँटिबायोटिक हे (योग्य जंतू असेल तर) मूळ बगवरचं फिक्स. स्टेरॉइड म्हणजे पेजर म्यूट करणं. रिकामा कॅच ब्लॉक. डॅशबोर्ड हिरवा झाला, सगळे खूश, आणि आत डिस्क भरत चाललीये. कोड रिव्ह्यूमध्ये कोणी रिकामा कॅच ब्लॉक टाकला तर आपण त्याची सालटी काढतो. तोच प्रकार आपण स्वतःच्या डोळ्यात बिनधास्त करतो, कारण काय, तर "थेंबच तर आहेत!"

गैरसमज नको. स्टेरॉइडचे थेंब हे वाईट औषध नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते देतात, डोळ्याच्या आतल्या काही सुजांमध्ये त्यांच्यावाचून दृष्टी वाचत नाही. पण ते देणारा माणूस आधी स्लिट लॅम्पवर डोळा बघतो, कॉर्नियावर जखम आहे का ते बघायला पिवळा रंग टाकतो, आणि आठवड्याने परत बोलावतो. नागिणीच्या भावकीतला तो हर्पिस विषाणू डोळ्यात असेल आणि वर स्टेरॉइड पडलं, तर झाडाच्या फांदीसारखा बारीक व्रण नकाशासारखा पसरतो. आणि महिना-दीड महिना हे थेंब चालू ठेवले तर साधारण ५-६ टक्के लोकांत डोळ्याचा दाब भसकन चढतो, आणखी सुमारे एक तृतीयांश लोकांत मध्यम वाढतो. त्यातून काचबिंदू. काचबिंदू दुखत नाही, सांगून येत नाही, आणि गेलेली नजर परत देत नाही. "मला ते ड्रॉप टाकले की फ्रेश वाटतं" म्हणून रोज टाकणारे दोन महाभाग मला माहीत आहेत. एक आमच्या ऑफिसातच आहे.

आता येऊ माझ्या 'चकाचक' झालेल्या डोळ्यांकडे. २०२३ची साथ विषाणूंची होती. डोळ्यांच्या अशा मोठ्या साथी बहुतेक वेळा विषाणूंच्याच असतात, अडिनोव्हायरस नाहीतर एन्टरोव्हायरस. जुनी गोष्ट आहे ही. १९६९ साली घानामध्ये अशीच साथ आली, त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनी तिला 'अपोलो ११ रोग' नाव देऊन टाकलं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी ती बंगालमध्ये पसरली तर तिथे नाव पडलं 'जॉय बांगला'. नावं ठेवण्यात माणूस सगळीकडे सारखाच. मुद्दा हा की विषाणूवर अँटिबायोटिकचा शून्य परिणाम. माझे डोळे आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरे होणारच होते. अँटिबायोटिकने त्यात काही केलं नाही, स्टेरॉइडने लाली झाकली, आणि मी लाली गेली म्हणून बरा झालो असं समजून तिसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन बाकीच्यांना प्रसाद वाटला. रामबाण!

बरं, विषाणू नसून जिवाणूच असले तर? चिकट पिवळा-हिरवा घाण स्राव, सकाळी पापण्या घट्ट चिकटलेल्या, असं असेल तर जिवाणूंची शक्यता वाढते. पाण्यासारखा स्राव, सोबत सर्दी-घसा, कानापुढची गाठ सुजलेली, तर विषाणूंची. पण ह्या खुणा एकमेकांत मिसळतात (माझ्याही पापण्या चिकटल्या होत्या की), आणि नुसत्या बघण्यावरून डॉक्टरही शंभर टक्के सांगू शकत नाहीत, काउंटरवरचा मुलगा तर सोडाच. तरी समजा जिवाणूच आहेत. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास छापून आला होता. ऑक्सफर्डच्या लोकांनी इंग्लंडमध्ये डोळे आलेल्या ३२६ मुलांना घेतलं. अर्ध्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचे थेंब, अर्ध्यांना नुसतेच औषध नसलेले थेंब, आणि कोणाला काय दिलंय ते कोणालाच माहीत नाही. सातव्या दिवशी औषधवाली ८६ टक्के मुलं बरी झाली होती. आणि औषध नसलेली? ८३ टक्के. परत वाचा. साधं डोळे येणं, जिवाणूंमुळे आलेलं असलं तरी, बहुतेक वेळा आपलं आपण बरं होतं. अँटिबायोटिक त्याला थोडं घाईने बरं करतं, इतकंच.

म्हणजे ज्याने शेवटचा डिप्लॉय केला त्याला श्रेय मिळतं, बग आधीच स्वतःहून बंद झालेला असला तरी. "मला तर बरं वाटलं बाबा" ह्या पुराव्याची किंमत तेवढीच.

ह्यावर लोक जे बोलतात ते मला पाठ झालंय. मामांचं झाल्यापासून मी ह्या विषयावर इतक्या जणांशी भांडलोय की घरचे आता विषय निघाला की चहा ठेवायला जातात.

पहिलं म्हणणं: "पोटात थोडीच जातं?" जातं. थेंब टाकल्यावर थोड्या वेळाने घशात कडू लागतं ना? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक बारीक भोक असतं, तिथून नळी नाकात उतरते, नाकातून घशात. ओव्हरफ्लो पाइप आहे तो. डोळ्यात मावतं सुमारे ३० मायक्रोलिटर, आणि बाटलीचा एकच थेंब असतो ३० ते ५० मायक्रोलिटरचा. म्हणजे 'जास्त फायदा व्हावा' म्हणून दोन-तीन थेंब टाकणारे लोक उरलेलं औषध गालाला आणि घशाला देत असतात.

दुसरं म्हणणं, जरा वजनदार: "अरे डॉक्टरपण तेच मिक्स ड्रॉप लिहितात!" हो, लिहितात. काही जण गरज असते म्हणून लिहितात. आणि काही जण, मी इथे गुळमुळीत बोलणार नाही, पेशंट दोन दिवसांत खूश व्हावा म्हणून लिहितात. डोळा नीट न बघता लाल डोळ्याला स्टेरॉइड लिहिणारा डॉक्टर आणि काउंटरवरचा मुलगा ह्यांच्यात माझ्या लेखी फरक एवढाच की पहिल्याने फी घेतली. पण त्यांनी चुकावं म्हणून आपल्याला चुकायचं लायसन्स मिळत नाही.

तिसरं म्हणणं मला खरोखर अडवतं. मामींनीच ते मांडलं. "इथनं मिरज तास-दीड तास. तोडीच्या दिवसात कोण जातंय डोळा लाल झाला म्हणून? तुमचं पुण्यात बरं हाय." ह्याला 'डॉक्टरकडे जा' असं पुस्तकी उत्तर देऊन चालत नाही.

उत्तर आहे, आणि ते आपल्या शेजारीच सापडलं. नेपाळात, भक्तपूरला. काठमांडूच्या खोऱ्यातलं हे शेतीवालं गाव-शहर, म्हणजे पानाने, काडीने, भुशाने डोळा खरचटणं तिथेही रोजचंच. तिथे गावातल्याच लोकांना प्रशिक्षण दिलं, डोळ्याला खरचटलंय का हे साध्या रंगाने आणि टॉर्चने कसं ओळखायचं ते शिकवलं. खरचटलं असेल तर साधं १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉल मलम, दिवसातून तीनदा, तीन दिवस. बस. दोन वर्षांत जवळपास ३५ हजार लोकांवर लक्ष ठेवलं. असं मलम लावलेले ४४२ जण, त्यातले ९६ टक्के काही न होता बरे झाले. आणि ज्यांना इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत मलम मिळालं त्या २८४ जणांपैकी एकालाही अल्सर झाला नाही. एकालाही! २००१ मध्ये हा अभ्यास छापून आला.

नीट बघा तिथे काय होतं आणि काय नव्हतं. जुनं, स्वस्त, साधं अँटिबायोटिक होतं. बघणारा शिकलेला माणूस होता, भले डॉक्टर नसेल. ताजी ट्यूब होती. ठरलेले दिवस होते. आणि स्टेरॉइड नव्हतं. मामांच्या डोळ्यात मी ह्यातली प्रत्येक गोष्ट बरोबर उलटी करून ठेवली होती. म्हणून कोणी मला 'अँटिबायोटिकविरोधी' म्हणायला लागलं की डोकं सटकतं. मी अँटिबायोटिकच्या बाजूने बोलतोय. ह्या थेंबांनी डोळे वाचतात, कॉर्नियावर जिवाणूंचा खरा अल्सर असेल तर तासातासाला थेंब टाकूनच वाचतात, रात्रीसुद्धा उठून. असलं अस्त्र आपण गुलाबपाण्यासारखं वापरतोय. (गुलाबपाणीही घालू नका. मध, तूप, आईचं दूध, धन्याचं पाणी, काहीही नको. स्वयंपाकघरातली कुठलीच वस्तू निर्जंतुक नसते.)

ब्रिटनने तर २००५ पासून, म्हणजे तो लॅन्सेटचा अभ्यास आला त्याच वर्षी, क्लोरॅम्फेनिकॉलचे थेंब प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला परवानगी दिली. गंमत आहे ना? पण तिथे विकणारा फार्मासिस्ट आधी विचारतो. दुखतंय का? उजेड सहन होत नाही का? अंधुक दिसतंय का? लेन्स लावता का? डोळ्याला काही लागलंय का? एकाही प्रश्नाला 'हो' आलं की थेंब नाही, डॉक्टर. आणि औषध पाच दिवसांचं, उरलेली बाटली फेकायची. पाच प्रश्न. आमच्या मेडिकलवाल्याने ते विचारले असते तर वीस सेकंदांच्या जागी साठ सेकंद लागले असते. आणि मी ते पाच प्रश्न मामींना शिकवून आलो असतो तर?

आपल्याकडे कायदा नाही असं समजू नका. कायदा कडक आहे. अँटिबायोटिक शेड्यूल एचमध्ये, प्रिस्क्रिप्शनशिवाय विकता येत नाही. १ मार्च २०१४ पासून त्यातली काही शेड्यूल एच-१ मध्ये गेली, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन त्यातच आहे, आणि डोळ्या-कानाचे थेंबही त्यातून सुटलेले नाहीत. दुकानदाराने वेगळं रजिस्टर ठेवायचं, त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. मागच्या महिन्यात मी मुद्दाम तीन मेडिकलमध्ये जाऊन हेच थेंब मागितले. तिन्हीकडे मिळाले. रजिस्टर कोणी उघडलं नाही. एकाने मात्र एक प्रश्न विचारला: "साधं देऊ का डी?"

डी! इथे माझ्यातला प्रोग्रामर उसळतो. साध्या अँटिबायोटिकच्या ब्रँडचं नाव आणि स्टेरॉइड मिसळलेल्याचं नाव ह्यांत फरक किती, तर मागे लावलेलं एक शेपूट. 'डी', कधी 'डीएक्स', कधी आणखी कुठलं अक्षर. रंगसंगती तीच, बाटली तीच, खोकं तेच. दोन फंक्शन्स, एक डिस्क साफ करणारं आणि एक अलर्ट बंद करणारं, आणि नावात फरक एका अक्षराचा! कुठल्याही शहाण्या टीममध्ये असलं नाव चाललं नसतं. घटक लिहिलेले असतात, हो, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. ज्याचे डोळे आलेत त्याने ते वाचायचं आहे. माझी मागणी फार मोठी नाही. खोक्यावर मराठीत, ठळक, एक शब्द: स्टेरॉइड. बिडीच्या बंडलावर एवढं मोठं चित्र छापता येतं तर हेही छापता येईल.

तोपर्यंत ही नावं पाठ करा, खोकं हातात आलं की आधी हीच शोधा: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल. ह्यातलं एकही दिसलं आणि डोळा यंत्राखाली बघून कोणी लिहून दिलेलं नसेल, तर बाटली परत.

आणि डॉक्टरने साधं अँटिबायोटिक दिलंय, जिवाणूच आहेत, असं धरलं तरी ते टाकायचं कसं हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. लहानपणी आई डोकं मांडीवर धरून बदाबदा ओतायची, तेच आपलं ट्रेनिंग. आधी साबणाने हात. पापण्यांवरची घाण उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पुसा, प्रत्येक डोळ्याला नवा कापूस. मान मागे, खालची पापणी ओढून खिसा करा, त्यात एक थेंब. एकच. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला, कशालाच लागता कामा नये. मग डोळा मिटा आणि नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे तो ओव्हरफ्लो पाइप बंद राहतो. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटं थांबून. लाली गेली म्हणून दुसऱ्या दिवशी बंद करायचं नाही, सांगितले तेवढे दिवस टाकायचं. संपलं की उरलेलं पुढच्या साथीसाठी जपायचंही नाही. बाटली फोडली त्या दिवसाची तारीख पेनाने तिच्यावर लिहा, चार आठवड्यांनी ती कचऱ्यात. छापलेली एक्स्पायरी ही बंद बाटलीची असते. मी गावी ठेवलेली बाटली फोडून सहा महिने झाले होते आणि ती आधी माझ्या आलेल्या डोळ्यांवर वापरलेली होती.

बाटलीत जंतू शिरले तर काय होतं? २०२२-२३ मध्ये अमेरिकेत भारतात बनलेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांतून स्यूडोमोनास नावाचा चिवट जिवाणू पसरला. १८ राज्यांत ८१ रुग्ण, १४ जणांची नजर गेली, ४ जणांचा डोळा काढावा लागला, ४ जण दगावले. ते तर औषधही नव्हतं, कोरड्या डोळ्यांसाठीचं पाणी होतं.

आमच्या धंद्यातल्या मंडळींना वेगळं सांगतो. लेन्स लावत असाल आणि डोळा लाल झाला, तर 'डोळे आले' असं धरून चालू नका. लेन्स काढा आणि त्याच दिवशी दाखवा, मीटिंग गेली खड्ड्यात. लेन्सवाल्यांना तोच स्यूडोमोनास कॉर्नियावर बसतो आणि तो दिवसांत नाही, तासांत पसरतो. दुखणं, उजेड टोचणं, अंधुक दिसणं, बुबुळावर पांढरा ठिपका, डोळ्याला काही लागलेलं असणं, ह्यातलं काहीही असेल तर तेच. आणि महिन्याच्या आतल्या बाळाच्या डोळ्यातून घाण येत असेल तर एक रात्रसुद्धा थांबू नका.

मामांचं सांगायचं राहिलं. नॅटामायसिनचे थेंब, सुरुवातीला रात्रंदिवस तासातासाला. मामी आणि मामेबहीण आळीपाळीने जागायच्या. दोन महिने चाललं. बुरशी गेली, पण बुबुळाच्या बरोबर मध्यावर फूल पडलं. त्या डोळ्याने आता हात हलवलेला कळतो, बोटं मोजता येत नाहीत. कॉर्निया बदलायच्या ऑपरेशनसाठी नाव लावलंय. मी डॉक्टरांना विचारलं की थेंब टाकले नसते तर वाचला असता का डोळा. ते म्हणाले, बुरशी पानाबरोबर आली, थेंबांमुळे नाही, अल्सर कदाचित झालाच असता, "पण पहिल्या दिवशी आले असते तर माझ्या हातात बरंच काही होतं." मामा मला एक शब्द बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "तू चांगल्यासाठीच ठेवलावतास रं." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परवा मामींचा फोन आला. नातवाचे डोळे आलेत, शाळेत सगळ्यांचेच आलेत, गावातल्या मेडिकलवाल्याने बाटली दिलीय, टाकू का? मी म्हटलं, आधी खोक्यावरचं वाचा. मामी सातवी शिकलेल्या, इंग्रजी अक्षरं ओळखतात. चष्मा शोधला, नातवाला उजेडात खोकं धरायला लावलं, आणि एकेक अक्षर वाचायला लागल्या.

"डी... ई... एक्स... ए..."

"मामी, बास. ती परत करा."

"पैसं परत देतोय का त्यो?"

"नाही दिले तर मी पाठवतो."

मग त्याला दुखतंय का, उजेड टोचतोय का, नीट दिसतंय का, काही लागलंय का, हे विचारून घेतलं. सगळ्याला नाही. नुसतं पाणी येतंय आणि सर्दी आहे. गार पाण्याच्या पट्ट्या, वेगळा टॉवेल, शाळेला सुट्टी, आणि दोन-तीन दिवसांत उतरायला लागलं नाही किंवा दुखायला लागलं तर सरळ मिरज. आठवड्याने पोरगं ठणठणीत. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत, बदल्यात दोन बाम दिले म्हणे.